शिलोहाचा बुरूज, परळचा पूल

आमच्या मराठी मंडळीत दृढीकरणाच्या वर्गाला बसणारी मुलं तेरा ते सोळा वर्षांची असतात. परळ, लालबाग, दादर, नायगाव, आणि आजीच्या आग्रहाखातर गिरगावातून बसने येणारी एखाददुसरी. बहुतेकांचे आजोबा-पणजोबा नगर जिल्ह्यातून आलेले. कुणी गिरणीत लागले, कुणी रेल्वेत, कुणी मिशनच्या शाळेत मास्तर झाले. घरातल्या बऱ्याच बायका नर्स. केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही हॉस्पिटलं पायी गाठता येतील इतकी जवळ, त्यामुळे वॉर्डातल्या मरणाच्या गोष्टी आमची मुलं रात्री जेवताना आईच्या तोंडून ऐकतात. अशा मुलांना ‘देव सर्वसमर्थ आहे, सगळ्यावर त्याचीच सत्ता आहे’ हे शिकवायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

विश्वासांगीकार त्यांना तोंडपाठ असतो. दर रविवारी मंडळीबरोबर उभं राहून ती तो म्हणतात. पण चर्चमध्ये म्हणणं वेगळं आणि पंधराव्या वर्षी, घरात कुणीतरी आजारी असताना, रात्री त्याच वाक्यावर जागं राहणं वेगळं. या वयात प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतोच. माझ्या वडिलांची नोकरी का गेली, एवढ्या प्रार्थना करूनही आजोबा का वाचले नाहीत, इतका तो सरळ असतो.

त्या प्रश्नाला तीन तयार उत्तरं मुलं वर्गात घेऊनच येतात. पहिलं चाळीतलं आणि शाळेतलं: नशिबात होतं ते झालं. दुसरं मोबाईलवरच्या भाषणांतलं: तुमचा विश्वास कमी पडला, नाहीतर माणूस बरा झाला असता. तिसरं आपल्याच घरातलं, आणि माझ्या मते मुलांना सर्वांत दूर लोटणारं: देवाची मर्जी, प्रश्न विचारू नये. हे तिसरं उत्तर देणाऱ्या आजी-आजोबांचा विश्वास खरा असतो, त्यांनी आयुष्यभर तो निभावलेला असतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण मुलाच्या कानाला त्यातलं एवढंच ऐकू येतं की गप्प बस. देवाची सत्ता आणि माणसाचं तोंड बंद होणं यांची अशी जोडी एकदा मनात बसली, की सोळाव्या वर्षी दृढीकरण होतं आणि सतराव्या वर्षी मुलगा उपासनेला यायचा बंद होतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

29 सप्टेंबर 2017 हा शुक्रवार होता, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमाराला मोठी सर आली. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड ही दोन स्टेशनं जोडणाऱ्या पुलावर लोक पाऊस ओसरायची वाट पाहत थांबले, मागून गाड्यांमधून उतरलेली माणसं येत राहिली, आणि त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसं गेली. आमच्या वर्गातलं एकही घर असं नव्हतं की ज्यातलं कुणी ना कुणी त्या पुलावरून जात-येत नव्हतं. ज्यांना केईएममध्ये नेलं, त्यांना उचलून घेणाऱ्यांत आमच्या मंडळीतल्या बायका होत्या.

पुढच्या रविवारी वर्गात वह्या उघडायच्या आधीच एका मुलाने हात वर केला. त्याची आई रोज त्याच जिन्याने कामावर जाते. त्या दिवशी ती आधीच्या गाडीने गेली होती, म्हणून पाऊस यायच्या आत पूल ओलांडून गेली. दोन दिवस घरात फोनवर फोन येत होते आणि प्रत्येक जण म्हणत होता, देवाने वाचवलं. पुढच्या रविवारी आईने मंडळीपुढे साक्ष द्यावी असंही ठरलं होतं. तो म्हणाला, “टीचर, देवाने माझ्या आईला वाचवलं. मग बाकीच्यांना का नाही? त्यांच्या घरी कुणी प्रार्थना करत नव्हतं का?”

खोलीत कुणी हललं नाही. मी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढायला सांगितला. त्यातली पहिली पाच वचनं आपल्याकडे फारशी वाचली जात नाहीत. त्यांवरचा संदेश मी लहानपणी ऐकल्याचं मला आठवत नाही. लोक येशूकडे एक बातमी घेऊन येतात: पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच ठार मारलं. येशू त्यांना दुसरी बातमी आठवून देतो. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळला आणि अठरा माणसं दगावली. ती अठरा माणसं शहरातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं तो विचारतो आणि स्वतःच नाही म्हणून सांगतो. मग लगेच ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही तुमचं पाहा, तुम्ही मागे फिरा.

मुलांनी ते पुन्हा वाचलं. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यानेही कारण सांगितलं नाही.”

नाही सांगितलं. एक चुकीचं कारण मात्र त्याने ठामपणे पुसून टाकलं. मेलेल्यांच्या माथी दोष मारायचा नाही, आणि वाचलेल्यांनी आपण देवाचे जास्त लाडके आहोत असं समजायचं नाही. त्या खोलीत त्या दिवशी एवढंच हवं होतं. त्याच सुमारास आम्ही मत्तयाच्या दहाव्या अध्यायातली चिमण्यांबद्दलची ओळही वाचली, कारण घरोघरी भिंतीवर ती लावलेली असते. तिच्यात चिमणी पडत नाही असं म्हटलेलं नाही. चिमणी पडते, पण बापाच्या नजरेआड पडत नाही. मुलांनी हा फरक चटकन पकडला. मोठ्यांना तो समजावायला जास्त वेळ लागतो.

पुढच्या रविवारी त्या मुलाच्या आईने साक्ष दिली. ती आधी उभी राहिली ती त्या तेवीस कुटुंबांसाठी प्रार्थना मागायला. मग तिने स्वतःबद्दल दोन वाक्यांत आभार मानले आणि बसली. घरी मुलाशी तिचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

नशीब आणि देवाची सत्ता यांतला फरकही मुलांना त्या पुलावरूनच नीट समजला. नशीब ऐकत नाही, म्हणून नशिबापुढे हात टेकण्याखेरीज माणसाला काही उरत नाही. बायबलमधला देव ऐकतो आणि जाबही विचारतो. पूल रुंद करा ही मागणी प्रवासी दुर्घटनेच्या आधीपासून करत होते. दुर्घटनेनंतर सैन्याने नवा पूल बांधला आणि 2018 च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. इतक्या लवकर पूल उभा राहू शकत होता, मग आधी का नाही, असं एका मुलाने विचारलं. तेव्हा आम्ही नहेम्याचा चौथा अध्याय काढला. यरुशलेमचा तट बांधताना शत्रू चालून येतील अशी भीती होती. लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. सगळं देवाच्या हातात आहे म्हणून जिना अरुंद राहू द्यावा, असं त्या वचनात कुठेही निघत नाही. ज्याला देव राजा आहे असं मनापासून वाटतं, त्याने तर माणसांच्या जिवाबद्दलची हयगय अजिबात खपवून घेऊ नये. हे मी वर्गात फार ठासून सांगते.

त्यानंतर नेहमी योसेफाची गोष्ट येते. संडे स्कूलमध्ये रंगीत झग्यापासून ती सर्वांनी ऐकलेली असते, म्हणून मी गोष्ट सांगतच नाही. मी एका मुलाला फळ्यापाशी उभं करते आणि हिशोब करायला लावते. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात योसेफ सतरा वर्षांचा आहे. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं आणि मग विकलं. फारोपुढे तो उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता. मध्ये तेरा वर्षं, त्यांत गुलामी, खोटा आळ आणि तुरुंग. मग सुकाळाची सात वर्षं, मग दुष्काळाची दोन, आणि तेव्हा तो भावांना ओळख देतो. म्हणजे वय एकोणचाळीस. देवानेच मला पुढे पाठवलं असं तो पहिल्यांदा तेव्हा म्हणतो. याकोब मिसरात आणखी सतरा वर्षं जगला. बाप गेल्यावर भाऊ घाबरले, आणि तेव्हा योसेफाने ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं: तुम्ही वाईट योजलं, पण देवाने त्यातून भलं योजलं. वय छप्पन्न.

फळ्यावर सतरा आणि छप्पन्न हे आकडे शेजारी शेजारी आले की मुलं त्यांच्याकडे पाहत राहतात. सतरा हे त्यांचं स्वतःचं येऊ घातलेलं वय असतं. मग मी विचारते, खड्ड्यात असताना त्याला हे वाक्य कुणी सांगितलं? कुणीच नाही. पुढे ते कुणी म्हटलं? त्याचं त्यानेच, स्वतःच्या तोंडाने. आणि त्याआधी तो किती वेळा रडला ते शोधा. मुलं शोधतात, उत्पत्तीच्या त्या शेवटच्या अध्यायांत योसेफ पुन्हा पुन्हा रडतो, एकदा तर इतक्या मोठ्याने की ते फारोच्या घराण्यापर्यंत ऐकू जातं.

देवाच्या सार्वभौमत्वाबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते या हिशोबात आहे. ते सत्य आहे, त्यावर माझा जीव आहे. पण ते दुसऱ्याच्या खड्ड्यात वरून फेकायचं वाक्य नाही. ज्याचं दुःख, त्यालाच ते म्हणायचा हक्क, आणि त्याला ते कधी म्हणता येईल ते आपण ठरवायचं नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये अंत्यविधीच्या वेळी, मयताच्या शेजारी बसलेल्या मुलांना, छप्पन्नाव्या वर्षाचं वाक्य सतराव्या वर्षी ऐकवलं जातं. ते थांबलं पाहिजे.

आपल्याच इतिहासातली एक गोष्ट मी दरवर्षी सांगते, ती रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आगगाडीतला अनोळखी माणूस, दोन वर्षांची मुदत, सगळं कसं ठरवून ठेवल्यासारखं वाटतं. पण एका वर्षी दादरच्या एका मुलीने विचारलं, “आणि लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं होतं?”

त्या मुलीने घरी ‘स्मृतिचित्रे’ वाचलेलं होतं. नवरा बाटल्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंचं काय झालं, पदरात लहान दत्तू, किती वर्षं ताटातूट, हे तिला माहीत होतं. टिळकांच्या बाप्तिस्म्यात देवाचा हात दिसतो असं म्हणायचं, तर त्याच वेळी लक्ष्मीबाईंच्या रडण्यात तो कुठे होता, हा तिचा प्रश्न होता. मी तिला पुस्तकच पुढे वाचायला लावलं. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळून. त्यांचं मन बदललं ते हळूहळू आणि त्यांच्या पद्धतीने. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो टिळकांनंतर पाच वर्षांनी. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. एवढं वाचल्यावर ती मुलगी म्हणाली की देवाने लक्ष्मीबाईंना वेळ दिला. मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, तिलाही वाटलं नसावं, पण ते तिचं होतं आणि मी ते तसंच राहू दिलं.

गिरगावातून मुलं येतात म्हणून अंब्रोलीची गोष्टही निघते. डॉ. जॉन विल्सन यांची शाळा तिथली. 1832 पासूनची, जिच्यातून पुढे चौपाटीवरचं विल्सन कॉलेज झालं. त्या शाळेतल्या पोरसवदा विद्यार्थ्यांवरून मुंबईत दोनदा वादळ उठलं. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी मुलाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तो आपल्या दृढीकरणाच्या मुलांएवढाच होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि कुठे राहायचं ते कोर्टाने त्याच्यावर सोडलं. 1843 मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता, त्याला कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं का यावरून ब्राह्मण समाजात मोठा झगडा झाला, आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. श्रीपतच्या वयाचा मुलगा, एका बाजूला मिशन, दुसऱ्या बाजूला सगळी जात, मध्ये कोर्ट.

ही गोष्ट मी मुलांना एवढ्यासाठी सांगते की मनुष्याच्या अंतःकरणावर राज्य करणं हे देवाचं काम आहे, ते ना मिशनऱ्याचं, ना जातीचं, ना आईबापाचं, ना माझं. देव सार्वभौम आहे यावर माझा विश्वास नसता, तर मी या मुलांच्या मागे लागले असते, त्यांच्याकडून ‘हो’ वदवून घेतलं असतं. विश्वास आहे म्हणून मी वाट पाहू शकते. बिशप येतात, हात ठेवतात, तेव्हा प्रश्नांची उत्तरं मुलाने स्वतः द्यायची असतात. एखादा मुलगा म्हणाला की मी या वर्षी तयार नाही, तर मी त्याच्या घरच्यांशी बोलते आणि पाळकसाहेबांना सांगते की त्याला थांबू द्या. घरून नाराजी येते. येऊ दे.

पूर्वनियोजनाचा वाद मी थोडक्यात आटपते. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय, कुंभार आणि माती, देवाने कुणाला निवडलं आणि कुणाला नाही, यावर हुशार मुलं तासन् तास भांडायला तयार असतात. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा चर्चं एकत्र आली. त्यांत देवाच्या निवडीवर भर देणारे प्रेस्बिटेरियन होते आणि माणसाच्या होकाराला महत्त्व देणारे मेथडिस्टही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन आज्या या बाबतीत वेगवेगळं मानतात आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. मुलांना एवढं सांगितलं की पुरतं. पौलाने नववा अध्याय लिहिला तोसुद्धा आपल्या लोकांसाठी काळीज तुटत असताना, हे पहिल्या तीन वचनांत दिसतं. ते न वाचता पुढचं वाचू नका, एवढी एकच अट मी घालते.

गाऱ्हाण्याची स्तोत्रं मात्र मी कधीच आटपत नाही. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवापुढे मांडलेलं गाऱ्हाणं आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. त्यात शेवटी स्तुतीची ओळ नाही. पवित्र शास्त्रात असं स्तोत्र आहे हेच मुलांना माहीत नसतं. करोनानंतर वर्ग पुन्हा भरायला लागला तेव्हा मी प्रत्येकाला एक पान दिलं आणि आपलं स्तोत्र लिहायला सांगितलं. लालबागच्या एका मुलीचे आजोबा त्या काळात गेले होते. 1982 च्या संपापर्यंत ते गिरणीत जॉबर होते, मग भाजी विकली, पण रविवारची उपासना चुकवली नाही. शेवटी त्यांना पाहायला घरच्यांना जाता आलं नव्हतं. तिने निळ्या पेनाने अर्धं पान लिहिलं. तू राजा आहेस तर हॉस्पिटलचं दार तुला उघडता आलं असतं, असा त्याचा आशय होता. खाली तिने काही लिहून खोडलं होतं, मग पुन्हा तेच लिहिलं होतं: आमेन.

तिने विचारलं, असं लिहिलेलं चालतं का. मी तिला गेथशेमाने बाग वाचायला दिली. हा प्याला टळावा असं पुत्राने स्वतः बापाला म्हटलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तुझी इच्छा होवो हे त्याने त्यानंतर म्हटलं. मागणं आधी आहे. ज्या देवाच्या हातात काहीच नाही त्याच्याकडे कुणी तक्रार घेऊन जात नाही. त्या मुलीचं अर्धं पान हा मी वर्गात ऐकलेला देवाच्या सार्वभौमत्वाचा सर्वांत खरा अंगीकार आहे.

दृढीकरणाचे वर्ग घेणाऱ्या पाळकांना, संडे स्कूलच्या शिक्षकांना आणि आईबापांना माझी विनंती आहे. हा धडा रोमकरांसपासून सुरू करू नका, लूकच्या तेराव्या अध्यायापासून करा. योसेफाचं वय फळ्यावर लिहा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वर्षातून एकदा तरी उपासनेत मोठ्याने वाचा. आणि तुमच्या घरातलं मूल जेव्हा म्हणेल की देवाने असं का केलं, तेव्हा त्याला प्रश्न पुरा करू द्या.